जांभईचा सर्वानुमते उद्धार

बुडणाऱ्या माणसाला वाचवायचं असेल, तर सर्वात आधी काठावर उभ्या असलेल्या माणसांमध्ये एकमत व्हावं लागतं. ते एकदा झालं की पुढचं पाणी बघून घेतं. आमच्या शाळेला हे तत्त्व फार लवकर उमगलं आणि तिथूनच 'धोक्यातील विद्यार्थी सहकार्य समिती' जन्माला आली. इतर शाळांमधली मुलं नापास होतात ती अशीच, एकेकटी, कोणाच्याही सहकार्याशिवाय. आमच्याकडे असा निष्काळजीपणा चालत नाही.

समितीची विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून माझी निवड झाली. (निवड म्हणजे मोठ्या बाई, आमच्या मुख्याध्यापिका, वर्गात आल्या, तेव्हा दाराच्या सर्वात जवळ मी बसले होते.) प्रतिनिधीला मत नसतं, पण बैठकीला बसता येतं आणि पंखा कमी-जास्त करता येतो. शिवाय ज्या मुलीला आधार द्यायचाय तिला वर्गातून उठवून आणणं, हेही प्रतिनिधीचंच काम. गेल्या वर्षापर्यंत हजेरीला 'हजर' म्हणतानाही माझा आवाज घशातच बसायचा. या पदाने मला असा काही धीर दिला, की आता मी भर तासाला उभी राहून कुठल्याही सरांचं वाक्य अर्ध्यात तोडू शकते. तेव्हा समितीने कोणाचंच भलं केलं नाही असं म्हणणाऱ्यांनी आधी माझ्याकडे बघावं.

जिला आधार द्यायचा होता ती माझ्याच बाकावरची. तिला सगळे जांभई म्हणतात. तिची आई इस्पितळात कायम रात्रपाळीला असते, वडील दुसऱ्या गावी कामाला, आणि घरात एक दात येत असलेला भाऊ आहे, ज्याला घरचे लाडाने भोंगा म्हणतात. भोंगा रात्रभर वाजतो. त्याला खांद्यावर टाकून जांभई रात्रभर फेऱ्या मारते आणि सकाळी आई आली की त्याला तिच्या हवाली करून शाळेत येते. शाळेत ती काय करते हे तिच्या टोपणनावातच आलं. समितीच्या पाहणीनुसार शाळेतल्या शंभर टक्के जांभया तिच्याच होत्या. (शिक्षकांच्या जांभया मोजण्याची पाहणीत तरतूद नव्हती.)

बाकी विषयांत ती कशीबशी तरून जायची, पण गणित म्हटलं की तिची नाव बुडालीच. समीकरणं शिकवली तो सबंध आठवडा तिने उघड्या डोळ्यांनी झोपून काढला होता. नववीला गणितात नापास म्हणजे वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं म्हणजे शाळाच गेली. तिच्या वडिलांनी फोनवर साफ सांगितलं होतं, की एकदा का मागे राहिलीस तर घरीच बस, नाहीतरी भोंग्याकडे बघायला कोणीतरी हवंच आहे. जांभई हे मला हसत हसत सांगायची, पण सांगताना पेन्सिलीचं टोक चावायची.

आता इथवर जे सांगितलं त्यात समितीचा काहीही संबंध नव्हता, आणि म्हणूनच की काय, एक फार बेशिस्त गोष्ट घडत होती. आमच्या गणिताच्या बाई मधल्या सुट्टीत आपला डबा घेऊन जिन्यात बसायच्या, शेजारी जांभई बसायची, आणि बाई एका हाताने जेवत दुसऱ्या हाताने तिच्या वहीत समीकरणं सोडवून दाखवायच्या. ना कसला ठराव, ना कोणाची परवानगी, ना उद्दिष्टं. बाई अधूनमधून तिला ओरडायच्यासुद्धा. "अगं, क्ष काय तुझा मामा लागतो का, त्याला उचलून घरात घेतेस ते? त्याला आधी त्या बाजूला पाठव." आणि जांभई खुदकन हसायची आणि क्षला त्या बाजूला पाठवायची. घटक चाचणीत ती काठावर पास झाली. निकाल बघून ती एवढी जागी झाली, की त्या दिवशी वर्गात मला तिची ओळखच पटेना.

दुर्दैवाने, म्हणजे सुदैवाने, एके दिवशी मोठ्या बाई जिन्यातून खाली येत होत्या. दोन पायऱ्या अडवून बसलेल्या या दोघींना बघून त्या थबकल्या, आणि काय चाललंय ते समजल्यावर त्यांना खरोखर गहिवरून आलं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, खोटं कशाला बोलू. त्या म्हणाल्या, "इतकं सुंदर काम, आणि ते असं जिन्यात?"

सुंदर काम जिन्यात होणं हे शाळेला शोभत नाही. म्हणून समिती.

आणि हे काम ज्यांनी सुरू केलं, त्यांचा मान राखून गणिताच्या बाईंनाच समितीच्या निमंत्रक केलं गेलं. निमंत्रक म्हणजे बैठक बोलवणं, बैठकीचं इतिवृत्त लिहिणं, मागच्या इतिवृत्ताला मंजुरी घेणं आणि सगळ्या सदस्यांकडून त्यांनी काय केलं ते गोळा करून वर पाठवणं. हे सगळं तासाच्या वेळात करायचं नव्हतं, कारण अभ्यासक्रमाचं नुकसान होतं. मग उरली मधली सुट्टी. तेव्हापासून बाई मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत बसून जांभईला मदत कशी करता येईल ते लिहीत असतात, आणि जांभई जिन्यात बसून डबा खाते.

पहिल्या बैठकीत बाईंनी एक विनंती केली खरी. म्हणाल्या, मी सुट्टीत तिला शिकवत होते तेवढं चालू ठेवू का, थोडक्यात राहिलंय तिचं. यावर बराच विचार झाला. शेवटी मोठ्या बाईंनी समजावून सांगितलं, की निमंत्रकाने तटस्थ राहायला हवं. निमंत्रकच जर एका विद्यार्थिनीला स्वतः शिकवू लागला, तर तो पक्षपात होईल, आणि इतर सदस्यांना सहकार्याला वावच राहणार नाही. काम एकटीने उरकून टाकणं हा सहकार्याचा अपमान आहे. बाईंनी हे वाक्य इतिवृत्तात घेतलं. त्यांचं अक्षर एरवी फार छान असतं.

मग सदस्यांनी कामं वाटून घेतली. खेळाचे सर, ग्रंथपाल आणि समुपदेशक ताई असे तिघे. (ताई आठवड्यातून एकदाच येतात, कारण त्या बऱ्याच शाळांना मिळून एक आहेत.) इथे एक नाजूक प्रश्न निघाला. आधार द्यायचा कधी? शाळेआधी जांभईला जमत नव्हतं, शाळेनंतर सदस्यांना जमत नव्हतं. तेव्हा असं ठरलं, की आधार तासाच्या वेळातच द्यावा, पण कोणत्याही सदस्याने तिला स्वतःच्या तासातून उठवू नये, दुसऱ्याच्या तासातून उठवावं. म्हणजे कोणाच्याच तासाचं नुकसान होणार नाही. हा ठराव इतका बिनतोड वाटला, की तो कोणी मांडला हे नंतर कोणालाच आठवेना.

ओळख गुप्त राखण्याबाबत समिती अतिशय कडक होती. इतिवृत्तात जांभईचा उल्लेख फक्त 'सदर विद्यार्थिनी' असा व्हायचा. सकाळी शाळाभर कर्ण्यावरून सूचना यायची, "नववी ब मधल्या सदर विद्यार्थिनीने आधारासाठी ग्रंथालयात यावे." आणि मी तिला बाकावरून उठवून घेऊन जायची. पहिल्या आठवड्यातच पाचवीतली पोरं तिला मैदानात "सदर ताई, सदर ताई" म्हणून हाका मारायला लागली. जांभईला ते नाव आवडलं. म्हणाली, जांभईपेक्षा बरं आहे, जरा घरंदाज वाटतं.

खेळाच्या सरांचं निदान असं पडलं, की मुलीला प्राणवायू कमी पडतोय. त्यावर उपाय म्हणजे विज्ञानाच्या तासाला मैदानाच्या फेऱ्या. फेऱ्या मारल्याने माणूस ताजातवाना होतो. जांभईने सांगून बघितलं, की सर, फेऱ्या मी रात्रभर मारते, तेही वजन घेऊन. सरांनी तिच्या या तयारीचं मनापासून कौतुक केलं आणि फेऱ्या वाढवल्या. प्राणवायूबद्दलचा धडा वर्गात त्याच तासाला झाला, तो तिचा बुडाला.

ग्रंथपाल इतिहासाच्या तासाला तिला थोरांची चरित्रं वाचायला द्यायचे. त्यातले सगळे थोर दिव्याखाली रात्र रात्र जागून मोठे झाले होते. "एवढं जागून मी अजून का मोठी होत नाहीये?" असं जांभईने मला विचारलं. मी प्रतिनिधी म्हणून हा प्रश्न समितीपुढे ठेवला. सदर विद्यार्थिनीत जिज्ञासा निर्माण झाली आहे, अशी नोंद झाली.

समुपदेशक ताई मात्र गणिताच्याच तासाला बोलवायच्या, कारण त्या वेळेला त्यांची खोली रिकामी असायची. ताई खरंच प्रेमळ आहेत. त्यांनी तिच्यापुढे कागद आणि रंग ठेवले आणि मनात खोलवर काय आहे ते काढ म्हणाल्या. जांभईने मन लावून भोंग्याचं चित्र काढलं, दोन टपोरे डोळे आणि बाकी सगळं उघडं तोंड. ताई बराच वेळ चित्राकडे बघत राहिल्या. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, की ही तुझ्या आतली किंकाळी आहे. जांभई म्हणाली, नाही हो ताई, हा माझा भाऊ आहे. ताईंनी तिचा हात हातात घेतला आणि लिहिलं की विद्यार्थिनी अजून स्वीकाराच्या टप्प्यावर आलेली नाही.

सहकार्यात पालकांना विसरून चालत नाही, हे आपण जाणतोच. तिच्या आईला दुपारी बोलावलं गेलं, कारण दुपारी सगळे सदस्य मोकळे असतात. ती माउली रात्रपाळी करून, भोंग्याला शेजारच्या काकूंकडे सोपवून, कधी नव्हे ती ठेवणीतली साडी नेसून आली. बैठकीच्या खोलीतल्या गादीच्या खुर्चीवर बसली. मोठ्या बाईंनी समितीची उद्दिष्टं वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या उद्दिष्टाला तिची मान कलली, तिसऱ्याला ती शांत झोपली होती. मी पंखा थोडा कमी केला. समितीने कुजबुजत्या आवाजात कामकाज पूर्ण केलं (यातून सदस्यांची संवेदनशीलता दिसते) आणि जांभई आनुवंशिक असल्याचा निष्कर्ष काढला. जाग आल्यावर तिने सगळ्यांना हात जोडले. "तुम्ही सगळे माझ्या लेकीसाठी एवढं करताय," ती म्हणाली. सदस्यांचे चेहरे फुलले. गणिताच्या बाई तेवढ्या खिडकीतून बाहेर मैदानाकडे बघत होत्या.

घरी जाताना जांभई मला म्हणाली, "प्रतिनिधीबाई, एक विचारू? या आधाराने माझी कंबर मोडायला आलीय. तो कोणाला परत करायचा असतो?"

मी म्हटलं, आधार परत करण्याची पद्धत अजून ठरलेली नाही.

"मग बाईंना म्हण ना, माझ्याशी परत पक्षपात करा म्हणून. थोडासाच."

मी बाईंना म्हटलं. त्यांच्या पुढ्यात मागच्या बैठकीचं इतिवृत्त होतं, त्याच्या बाजूला डबा, आणि डबा न उघडलेला.

अशा रीतीने सहकार्य ऐन भरात आलेलं असताना एक छोटीशी अडचण निघाली. वार्षिक परीक्षेला बसायला वर्गातली हजेरी ठरावीक प्रमाणात लागते. जांभई एकही दिवस घरी राहिली नव्हती. भोंग्याला ताप आला तेव्हासुद्धा ती आली होती. पण हजेरी ही तासाला वर्गात असण्याची असते, आणि वर्गात ती नसायचीच. ती मैदानात असायची, ग्रंथालयात असायची, नाहीतर ताईंसमोर रंग घेऊन बसलेली असायची. हजेरी मोजल्यावर ती परीक्षेला बसायला अपात्र ठरली.

तातडीची बैठक बोलावली गेली. मला वाटलं आता काहीतरी होईल. आत्मविश्वास ही फार वाईट चीज आहे, एकदा आला की गप्प बसवत नाही. मत नसतानाही मी हात वर केला.

"पण ती वर्गात नव्हती, कारण ती तुमच्याकडे होती," मी म्हटलं.

मग खेळाचे सर म्हणाले, "हो. म्हणजे ती कुठे आहे, हे आपल्याला दर वेळी नक्की माहीत होतं. यालाच तर सहकार्य म्हणतात."

सगळ्यांना हायसं वाटलं. मोठ्या बाई मला म्हणाल्या, "मुद्दा चांगला आहे हं बाळ. पुढच्या वर्षीच्या समितीत मांड."

"तिला सगळ्याच तासांना हजर धरलं तर?" गणिताच्या बाईंनी विचारलं. त्यांना निमंत्रक म्हणून मत मांडण्याचा अधिकार नाही, फक्त लिहिण्याचा आहे, याची त्यांना प्रेमाने आठवण करून दिली गेली. त्यांनी तेही लिहून घेतलं.

यानंतर जे झालं ते माझ्या मते शाळेच्या इतिहासातलं सर्वात तर्कशुद्ध काम आहे. समितीने 'धोका' या शब्दाची व्याख्या तपासली. धोक्यात असणं म्हणजे पडण्याची शक्यता असणं. झाडावरचं फळ धोक्यात असतं, जमिनीवरचं नसतं. जी विद्यार्थिनी परीक्षेला बसूच शकत नाही, ती नापास होण्याची शक्यता उरत नाही. म्हणजेच सदर विद्यार्थिनीचा धोका पूर्णपणे टळलेला आहे. शाळेतली धोक्यातल्या विद्यार्थ्यांची संख्या, जी वर्षाच्या सुरुवातीला एक होती, ती सर्वांच्या सहकार्याने शून्यावर आली. ठराव सर्वानुमते मंजूर. टाळ्या. पंखा मी जास्त केला, कारण टाळ्यांनी उकडायला लागलं होतं.

जांभईचं नाव वर्गातून कमी झालं. पुढच्या वर्षी हवं असेल तर तिने बाहेरून परीक्षेला बसावं, असं तिच्या आईला कळवण्यात आलं. वडिलांचा फोन आला. काय बोलले ते तिने मला सांगितलं नाही, फक्त एवढंच म्हणाली, की ते फार ओरडले नाहीत, म्हणजे त्यांना आधीपासून खात्री असणार.

वरच्या कार्यालयाला आमचा शून्याचा आकडा इतका आवडला, की त्यांनी शाळेला गौरवचिन्ह दिलं आणि इतर शाळांनी आमचा कित्ता गिरवावा असं पत्रक काढलं. यातून नवाच प्रश्न उभा राहिला. धोक्यातलं कोणी उरलं नाही, तर समिती बरखास्त करावी लागते, आणि गौरव झालेली समिती बरखास्त कशी करणार? तेव्हा सध्या नवीन विद्यार्थ्याचा शोध चालू आहे. तो ओळखायचा कसा, याचीही खूण ठरली आहे. जिथे कोणीतरी कोणाला तरी गुपचूप मदत करताना दिसेल, तिथे गरज आहे असं समजावं आणि मदत ताब्यात घ्यावी. त्यामुळे हल्ली आमच्या शाळेत फार शिस्त आली आहे. कोणी कोणाला गणित समजावत असेल आणि पावलांचा आवाज आला, तर दोघंही वह्या मिटून भांडायला लागतात. भांडणाऱ्यांना समिती हात लावत नाही.

राहता राहिली जांभई. ती आता शाळेची विद्यार्थिनी नाही. आणि जी शाळेची विद्यार्थिनीच नाही, तिच्या बाबतीत तटस्थ राहण्याचं बंधन निमंत्रकावर कसं असेल? हा मुद्दा गणिताच्या बाईंनी स्वतःच शोधून काढला. एवढी इतिवृत्तं लिहिल्यावर माणसाला थोडा कायदा येतोच. त्यांनी तो समितीपुढे मात्र ठेवला नाही.

त्या दोघी आता भेटतात. भोंगाही असतो. तो बाईंच्या मांडीवर बसून त्यांच्या पेनाचं टोपण चघळतो, आणि दात आल्यापासून पुष्कळच कमी वाजतो. परवा जांभईने एक लांबलचक गणित न अडखळता सोडवलं, आणि बाईंनी डबा पूर्ण संपवला. पुढच्या वर्षी ती परीक्षेला बसणार आहे, तारीख तिला तोंडपाठ आहे. आईने वडिलांना फोनवर सांगून टाकलंय, की या एका वर्षाचं मी बघते, तुम्ही काही बोलू नका.

त्या कुठे भेटतात ते मला माहीत आहे, कारण मीही अधूनमधून जाते. तुम्हालाही जाणून घ्यावंसं वाटत असेल. एखादी जुनी वही द्यावी, चार ओळखीच्यांना सांगावं, जमलं तर सगळ्यांनी मिळून काहीतरी करावं, असं आत्ता मनात आलंच असेल तुमच्या. तुम्ही फार चांगली माणसं आहात. म्हणूनच पत्ता देत नाही.